नाटकातली सुपारी

वाशिंद
९ जानेवारी २००५

आजी,

पाया पडते. हे पत्र बाबांकडे वाचायला देऊ नकोस, तूच वाच. ‘साक्षरतेच्या वर्गात मी सगळ्यांच्या पुढं होते’ असं गावभर सांगतेस, आता दाखव. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

मी म्हशाच्या जत्रेला येणार नाही. कामाच्या घरांत सुटी मागितली होती. एक बाई म्हणाल्या बघू. दुसऱ्या म्हणाल्या, मग भांडी काय मी घासू? तिसऱ्या काहीच बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं सगळ्यात वाईट.

माझ्या खोलीवर देवकी राहते, ती डोळखांबकडची, तुला सांगितलं होतं. तिची आई गेली. दिवस करायला ती घरी थांबली आणि परत आली तर तिच्या सगळ्या घरांत दुसरी बाई लागलेली. आईचं दहावं केलं म्हणून काम गेलं. आता ती खोलीत बसून आमच्या सगळ्यांची भाजी निवडते. आजी, अमृतधारा सोसायटीत काम करणाऱ्या आम्ही बहुतेक मुरबाड-शहापूरच्याच. कुणालाच आठवड्याची सुटी नाही. आज देवकी, उद्या मी. म्हणून आम्ही काहीतरी करायचं ठरवलंय. काय ते आत्ता लिहीत नाही.

माझं एक काम कर. आपल्याकडे सुपारी फोडतात तेव्हा कोण कुठं बसतं, काय बोलतात, काय करतात ते सगळं लिहून पाठव. काही सोडू नकोस. का ते मागाहून सांगते.

तुझी
दर्शना


बोरपाडा, ता. मुरबाड
१६ जानेवारी

दर्शना बाय,

हात पिठाचे असतील तर आधी पूस, मग कागद धर.

तुझं पत्र वाचलं. परत वाचलं. मग कोंबड्यांना दाणे टाकले आणि उंबऱ्यात बसून एकटीच हसत होते, तर तुझा बाप धर्मा विचारतो, आये, काय झालं? मी म्हटलं, काय नाय, दात दुखतो. दात दुखताना कोणी हसतं का? पण त्याला तेवढं कुठं कळतं.

गो पण तू पौषात विचारतेस! पौषात सोयरीक बोलत नाय, एवढं तरी ध्यानात ठेवायचं. माघ लागू दे. पोरगा कोण ते नाय लिवलंस. वाशिंदचा हाय का? कारखान्यात असेल. का रोज कल्याणला जाणारा हाय, पासवाला? असू दे, लाजतेस. मी कोणाला सांगलं नाय. फक्त सावळारामला सांगलं, कारण पंचात तोच बसणार. त्याच्या बायकोला सांगलं, ती तिथंच होती. आणि पाणवठ्यावर दोघी-तिघींना.

आता ऐक. सुपारी ओटीवर फोडायची, अंगणात नाय. नवरीकडचे एका अंगाला, नवऱ्याकडचे दुसऱ्या अंगाला, मधी पाट. पाटावर तांदूळ, तांदळावर सुपारी. पाच पंच. नवरीकडची माणसं एकेक मागतात, आमच्या लेकीला असं ठेवा, तसं ठेवा. नवऱ्याचा बाप म्हणतो, कबूल. मोठ्यानं म्हणायचं, चुलीपाशी बसल्या बायकांना ऐकू गेलं पायजे. मग त्यानं आपल्या हातानं वरवंटा मारून सुपारी फोडायची. दुसऱ्यानं फोडली तर ती सुपारी नाय, नुसता खाऊ. आणि तुकडा बसलेल्या सगळ्यांच्या हातावर पडला पायजे. जो खातो तो साक्षीदार. सावळारामनं आता कवळी बसवली हाय, तो तुकडा खिशात टाकतो. मागल्या सोयरिकीत मी म्हटलं, खाल्लास नाय तर साक्षीदार कसला रे? तर त्यानं बायकोला चावायला दिला. म्हंजे आता साक्षीदार ती. चालतं.

माझ्या वेळेला माझ्या बापानं एकच मागलं, पोर दरसाल म्हशाच्या जत्रेला माहेरी येईल. सासरा म्हणाला कबूल. पहिली दोन सालं पाठवली. मग एकदा म्हणाला, भात झोडायचं राहिलं हाय, नाय जायाचं. माझ्या बापाला निरोप गेला. त्यानं भांडण केलं नाय. सुपारी खाल्लेली माणसं घेऊन आला आणि आमच्या अंगणात बसला. पाणी मागलं, प्यायले, आणि नुसते बसले. कोणी तोंडातून शब्द काढला नाय. सासरा घरात येई, बाहेर जाई, परत घरात येई. ऊन डोक्यावर यायच्या आत त्यानंच बैल जुंपले आणि मला गाडीत बसवली.

शिकलेला असला तरी पोराला घरचं काम येतं का ते विचार.

तुझी
आजी


वाशिंद
२३ जानेवारी

आजी,

पोरगा नाही! लग्न नाही! पाणवठ्यावर जाऊन आधी सांगून ये. परवा बाजारात आपल्याकडची एक बाई भेटली, ती मला विचारते, हळद कधी? मी काय बोलू?

नाटक आहे. कल्याणहून एका संघटनेची अनिताताई दर गुरुवारी आमच्याकडे येते. दुपारची भांडी झाली की संध्याकाळच्या पोळ्यांपर्यंत आम्हाला जो वेळ असतो त्यात ती आमच्याकडून नाटक बसवून घेते. ती म्हणते, घरकामाला सुटीचा कायदा नाही, आपण बोललो नाही तर होणारही नाही. आणि तोंडावर बोलता येत नसेल तर नाटकात बोला. आधी आम्ही हसूनच मेलो. मग देवकी उठली आणि तिच्या बाईंची नक्कल केली, ‘अगं, आई काय रोज मरते का?’ कुणी हसलं नाही. त्या दिवशी ठरलं, नाटक करायचंच.

सोसायटीत माघी गणपती बसतो. सेक्रेटरी सबनीससाहेब आम्हाला म्हणाले, ‘तुम्ही तुमच्या गावाकडचं काहीतरी छान करा, दहा मिनिटं.’ त्यांना वाटलं गाणी म्हणू, फेर धरू. आम्ही म्हटलं, गावची सोयरीक दाखवतो. तर ते इतके खूश की नवऱ्याचा बाप मीच होणार म्हणाले. कॉलेजात त्यांना नाटकाचं बक्षीस मिळालं होतं म्हणे. फेटा घरचा आहे, मिशी कल्याणहून आणणार आहेत.

आमच्या नाटकात नवरी म्हणजे केरसुणी. तिला हिरवं लुगडं नेसवायचं, मुंडावळ्या बांधायच्या. आम्ही सगळ्या तिच्या माहेरच्या. सासर म्हणजे सोसायटी. तिला नीट नांदवा, असं आम्ही मागणार.

भीती वाटते. आम्ही काय मागणार ते साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

तुझी
दर्शना

ता. क. नवरा कोण म्हणून विचारशील. नवरा लागत नाही, आजी. सासर असलं की पुरे.


बोरपाडा
२९ जानेवारी

दर्शना,

पाणवठ्यावर सांगलं. नाटक म्हटल्यावर सोमी म्हणाली, मग आपण बघायला जाऊ! लग्नाला कोणी एवढी उडी मारली नव्हती. लग्न काय, दर घरात होतं. नाटक कोणाच्या घरात होतं गो? माझी नात नाटकात! मी पण तरणेपणी नकला करायची, पण त्या म्हशीच्या पाठीमागं उभी राहून, सासू बघत नसेल तेव्हा. तू भर मांडवात करणार.

म्हशाला जाऊन आले. गुडघ्यानं आत्ता चांगलंच मनावर घेतलं हाय. सावळारामनं घोंगडी घेतली, ती घरी येऊन उलगडली तर मधोमध भोक. परत जायला तयार नव्हता. मी म्हटलं, डोकं घाल त्यात, पाऊस लागणार नाय. त्यानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तुझ्यासाठी सुपारी घेतली, ती या पाकिटासंगं सावळारामच्या पुतण्याकडं देते, तो वाशिंदला उतरतो. चांगली गरगरीत बघून घेतलीय. दुकानदार म्हणाला, आजी, शुभकार्य काय? मी म्हटलं, केरसुणीचं लग्न. त्यानं वर दोन विड्याची पानं दिली.

आता मागणं. खूप मागू नको, घोळ होतो. एकच माग, लेक दर रविवारी माहेरी येईल. सुटी म्हटलंस की त्यांना कायदा आठवेल. माहेर म्हटलंस की त्यांच्या बायकांना आपापलं माहेर आठवेल. आणि रविवारच माग. त्या दिवशी घरात सगळी हातीपायी धड माणसं असतात.

सायबानं स्वतःच्या हातानं फोडली पायजे. आणि तुकडा सगळ्यांना. लहान पोरांना नको, ठसका लागेल.

आजी


वाशिंद
२२ फेब्रुवारी

आजी,

घोळ झाला.

नाटक फार चांगलं झालं, ते आधी सांगते. मांडव भरलेला. केरसुणीला देवकीनं कडेवर घेऊन आणलं आणि नवरीसारखी मान खाली घातली तर लोक हसून हसून बेजार. सबनीससाहेब फेटा बांधून, मिशी लावून पाटासमोर बसले. मिशी एका बाजूनं सुटत होती, ती ते जिभेनं दाबत होते. मी पुढं होऊन म्हटलं, ‘व्याही, आमची लेक कामाची आहे. तुमचं घर रोज लख्ख ठेवील. आमचं मागणं एकच. दर रविवारी तिला माहेरी पाठवायची.’ मांडवात सगळे साहेबांकडे बघायला लागले. मला वाटलं आता उठतात. पण त्यांना नाटक चढलं होतं. त्यांनी फेटा सावरला आणि गरजले, ‘कबूल! दर रविवारी कबूल! आमच्या घरची लक्ष्मी आहे ती!’ आणि एका घावात सुपारी फोडली. तिचे बारीक तुकडे करून आम्ही तबक घेऊन सगळ्यांत फिरलो. सगळ्यांनी खाल्ली. माझ्या त्या न बोलणाऱ्या बाईंनीसुद्धा. टाळ्या थांबत नव्हत्या.

आम्ही खोलीवर आलो आणि मी म्हटलं, चला, बोललो तरी. आता हळूहळू मागत राहू. तर देवकी म्हणते, ‘मागायचं काय आता? सुपारी फुटली ना.’

मला वाटलं गंमत करते. आजी, गंमत नव्हती. डोळखांबच्या, किन्हवलीच्या, आपल्या मुरबाडच्या, सगळ्यांनी खरंच धरलं. रविवारी एकही बाई कामावर गेली नाही. कुणी केस धुतले, कुणी गावी जाऊन आली, देवकी भातसानगरला बहिणीकडे गेली. मी एकटी खोलीत बसले होते.

सोमवारी फाटकावर वॉचमननं अडवलं. प्रत्येकीनं माफी मागायची, पुन्हा रविवारी दांडी मारणार नाही म्हणायचं, तरच आत. साहेब म्हणतात, ते नाटक होतं. बायका म्हणतात, सुपारी फुटली. माफी कुणी मागितली नाही. कालपासून आम्ही सगळ्या बाहेर आहोत.

अनिताताई नाशिकला गेलीय. या सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतात, कारण नाटकात मी बोलले होते. मी आता त्यांना सांगू का, बायांनो, ते खरं नव्हतं? माझ्यामुळं सगळ्यांची कामं जातील. तू सांग आजी. नाटकात फुटलेली सुपारी फुटते का?

दर्शना


बोरपाडा
२५ फेब्रुवारी

दर्शना,

आज कोंबड्यांचं नाय, सावळारामचं नाय. सरळ लिवते.

सुपारी मी म्हशाच्या जत्रेत घेतली. दुकानदारानं नाटकाची म्हणून वेगळी काढून दिली नाय. वरवंटा तुमच्या खोलीतला, त्यावर तुमी चटणी वाटता. फोडणारा हात सायबाचा. ज्यांनी खाल्ली त्यांचे दात त्यांचेच. मग मला सांग, त्यात खोटं काय होतं? एक ती मिशी.

कबूल म्हणायला त्याला कोणी काठी दाखवली होती का? तो बोलला कारण तिथं बसून त्याला ते बरोबर वाटलं. चार माणसांत माणूस चांगला होतो गो. घरी जाऊन दार लावलं की परत लहान होतो. म्हणून तर आपण सुपारी चार माणसांत फोडतो.

तू बायकांना खोटं होतं म्हणून सांगायला गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाय. देवकीचं बरोबर हाय, तुझं चुकतंय. माफी कशाची? माहेरी गेल्याची? कोणी माफी मागू नका. फाटकावर शिव्या देऊ नका, दगड उचलू नका. केरसुणीला ते हिरवं लुगडं नेसवा, फाटकासमोर पाटावर बसवा आणि तिच्या बाजूला तुमी बसा. सासरी घेत नाय म्हणून लेक दारात बसलीय, बघू दे येणाऱ्या जाणाऱ्याला. तेच तुमचं पुढचं नाटक. कोणी विचारलं तर पहिल्यापासून करून दाखवा.

मीच येणार होते. गुडघा पाणवठ्यापर्यंत पण नेत नाय, एस्टीत कुठं चढवणार! म्हणून पंच म्हणून सावळारामला पाठवते. त्याच्याकडं सायबाच्या नावची चिठ्ठी हाय. ती मी लिवलीय, तू खाडाखोड करू नको.

आजी


बोरपाडा
२५ फेब्रुवारी

सबनीस व्याही यांना,

बोरपाड्याच्या सकुबाईचा रामराम.

तुमची आमची गाठ नाय. पण तुमी सुपारी फोडलीत म्हंजे आता व्याही झालात, म्हणून तसं लिवते. राग मानू नका. मी दर्शनाची आजी. सुपारी मीच पाठवली होती. आत किडकी नव्हती ना?

ऐकलं की तुमी काम छान केलंत. आवाज चांगला लागला म्हणतात. आमच्याकडं व्याही मंडळी कबूल म्हणताना पुटपुटतात, म्हणून आमी त्यांना परत परत म्हणायला लावतो. तुमी पहिल्याच खेपेला म्हटलंत. मोठ्या मनाचा माणूस असणार.

आता कोणी म्हणतं की तुमी ते नाटकातला माणूस म्हणून बोललात. असेल. पण मला सांगा, तुकडा कोणी खाल्ला? नाटकातल्या माणसानं खाल्ला असेल तर तो अजून पोटात असेल, काढून परत द्या. आमच्याकडं सोयरीक मोडायची तर रीत हाय. ज्यांनी ज्यांनी खाल्ला त्यांचे तुकडे गोळा करायचे, सुपारी परत होती तशी जोडायची आणि पंचांच्या हातावर ठेवायची. आमचे पंच सावळाराम घ्यायला आलेत. त्यांना घाई नाय. सुपारी जुळेपर्यंत ते तुमच्या दारात बसतील. त्यांना फक्त पाणी लागतं. चहा दिलात तर साखर कमी.

तुमच्या घरच्या बाईंना सांगा, सकुबाईनं विचारलंय.

सकुबाई


वाशिंद
२ मार्च २००५

श्रीमती सकुबाई यांस,

आपले पत्र मिळाले. आपण मला ‘व्याही’ असे संबोधले आहे. माझ्या दोन्ही मुलांचे विवाह यापूर्वीच झालेले आहेत, हे प्रथम स्पष्ट करतो.

संस्थेच्या माघी गणेशोत्सवातील कार्यक्रम हा केवळ मनोरंजनासाठी होता. त्यात मी उच्चारलेला ‘कबूल’ हा शब्द एका पात्राचा संवाद होता. असा संवाद संस्थेवर बंधनकारक ठरू शकत नाही. आपल्या भागातील रूढींविषयी मला पूर्ण आदर आहे.

आपले श्री. सावळाराम शनिवारपासून संस्थेच्या फाटकासमोर बसून असतात. रात्री ते कामगार महिलांच्या वस्तीत मुक्कामास जातात व सकाळी परत येतात. त्यांना वेळोवेळी पाणी देण्यात आले आहे. त्यांनी दुसरे काहीही मागितलेले नाही, आणि हेच अडचणीचे होत आहे. फाटकासमोर साडी नेसवलेली केरसुणी ठेवल्यामुळे स्टेशनकडे जाणारे लोक थांबतात. काल काहींनी मला ‘काय व्याही, सून आत घ्या’ असे म्हटले. मी येथील ज्येष्ठ रहिवासी आहे. कृपया आपण आपल्या नातीस समज द्यावी.

कळावे,
शेखर सबनीस
सेक्रेटरी, अमृतधारा सोसायटी

सकुबाई,

हे पत्र पाकिटात घालायला म्हणून माझ्याकडे दिलं होतं, मी वाचलं. यांनी लिहिलंय ते यांचं. माझं वेगळं.

तुकडा मीही खाल्ला होता. सुपारी चांगली होती, किडकी नव्हती. तुमचं पत्र आल्यावर मी आमच्या मजल्यावर एकेकीला विचारलं. सगळ्यांनी खाल्ला होता. एकीनं पर्समध्ये टाकला होता, तो तिला माझ्यासमोर खायला लावला. मग आम्ही तिच्याच घरी बसलो आणि कोण शेवटचं माहेरी कधी गेलं ते बोलत राहिलो. दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही.

शनिवारी सोसायटीची सभा आहे. आजवर तिथं आमच्या घरातून हेच बोलतात. या वेळी मी बोलणार आहे. सावळाराम भाऊंच्या चहात साखर कमीच घालते.

तुमची विहीण म्हणायला हरकत नाही,
सरस्वती सबनीस


वाशिंद
८ मार्च

आजी,

रविवार मिळाला!

सभेला आम्हाला आत घेतलं नाही. खिडकीखाली उभ्या राहून ऐकलं. सबनीसकाकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘ज्यांनी सुपारी खाल्ली नसेल त्यांनी हात वर करा.’ काकूंनीच मोजून सांगितलं, ‘एकही नाही.’ मग कुणीतरी म्हणालं, अहो पण ते नाटक होतं. तेव्हा काकू म्हणाल्या, ‘मग आपण सगळे नाटकात होतो त्यापेक्षा आता वाईट झालो का?’ शेवटी साहेबच म्हणाले, ‘लिहून घ्या, रविवार.’ पण पुटपुटत म्हणाले. देवकीनं बाहेरून ओरडून सांगितलं, ‘मोठ्यानं म्हणा व्याही, चुलीपाशी ऐकू आलं नाय!’ आतले सगळे हसले. त्यांनी परत म्हटलं, मोठ्यानं.

मधलं एक तुला लिहायचं राहिलं. सभेच्या आधी एका ठेकेदारानं आमच्या जागी टेम्पो भरून बायका आणल्या होत्या. मी देवकीचा हात घट्ट धरला. झालं, संपलं, असं वाटलं. त्या उतरल्या, शहापूरच्या आतल्या गावांतल्या होत्या. त्यांनी केरसुणीला बघितलं, हिरवं लुगडं बघितलं. त्यांच्यातल्या एका थोराड बाईनं सावळारामकाकांना विचारलं, काय बाबा, कोणाची सोयरीक? काकांनी सगळं सांगितलं. ती बाई मागं वळली आणि बाकीच्यांना म्हणाली, ‘चला गो. हितं दुसरीची सुपारी फुटलीय. फुटल्या सुपारीवर कोण आपली लेक देतं?’ आणि सगळ्या परत टेम्पोत जाऊन बसल्या. ठेकेदार बोंबलत राहिला. त्यांना कामाची गरज आमच्याइतकीच होती, आजी. तेव्हा मला कळलं, खरं काय आणि नाटक काय, ते मला एकटीलाच कळत नव्हतं.

सगळं गोड झालं असं नाही. माझ्या न बोलणाऱ्या बाईंनी मला काढलं, धुण्याचं मशीन घेतलंय. देवकीला तिच्या घरांपैकी एकानंच परत ठेवलं. लिफ्टनं अजून जाऊ देत नाहीत. पण आता लिफ्टचं नाटक बसवतोय, आणि पलीकडच्या सोसायटीतल्या बायका विचारायला आल्यात, आमच्याकडे कधी करता? अनिताताई परत आली तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाली, मी एवढी शिबिरं घेतली, त्यात हे कुठं नव्हतं.

या रविवारी येते. पहिली सुटी तुझ्याकडे.

दर्शना


बोरपाडा
२० मार्च, रविवार

दर्शना,

येऊन गेलीस, घर भरलं. पण तू गेल्यापासून माझ्या जिवाला एक गोष्ट टोचतेय, ती लिवते.

तू गेल्या रविवारी आलीस. अंगणात पाय ठेवलास तर धर्मा म्हणाला, बरं झालं पोर आली, आज भाकऱ्या मऊ मिळतील. आणि तू हसलीस, पदर खोचलास आणि चुलीपुढं बसलीस. मी पण बघत होते, मी पण खाल्ल्या. वर आणि तुला म्हटलं, जाता जाता दोन हंडे भरून ठेव. गो, त्या सबनीसाच्या दारात केरसुणी बसवली आणि आपल्या घरात तुझ्या हातात दिली! माहेर मागलं ते काय इथं येऊन भाकऱ्या थापायला?

मी धर्माला म्हटलं, पुढल्या रविवारी दर्शना आली तर ती खाटेवर बसेल. तो म्हणाला, मग करील कोण? मी म्हटलं, मी नाय. तो म्हणाला, आये, तुला काय सोसायटीवाल्यांनी पढवलं? मी म्हटलं, त्यांना मी पढवलं.

आणि मग मला वाटलं, तू येशील तेव्हाच कशाला? मी लग्न होऊन आले तेव्हापासून, जत्रेचे दिवस सोडले तर, या चुलीला एक दिवस खाडा नाय. बाळंतपणात सुद्धा उठून भात टाकला. माझी सुपारी फुटली तेव्हा बापानं वर्षातून एक जत्रा मागली. तो बिचारा, त्याला वाटलं खूप मागलं.

म्हणून आज मी चूल पेटवली नाय. सकाळी उठले, तोंड धुतलं, पडवीत बसले. सोमीनं विचारलं, बरं नाय का? मी म्हटलं, बरं हाय, रविवार हाय. ती घरी गेली आणि थोड्या वेळानं परत येऊन माझ्या बाजूला बसली. तिच्या घरात पण धूर निघत नाय. सावळारामची बायको आली. आता समोरच्या घरची बाळी पण येतेय, इथून दिसतेय, हातात काय नाय, नुसती हात हलवत येतेय. तिला अशी चालताना मी पहिल्यांदा बघितली. पडवी भरली तर अंगणात बसू. मुरबाडला ज्या पोरी घरकामाला जातात त्यांचं नाटक कसं बसवायचं ते आज ठरवायचं हाय. नवऱ्याचा बाप मी होणार. मिशी लावून.

आत धर्मा भांडी वाजवतोय. एकदा बाहेर आला, म्हणाला, भूक लागलीय. मी म्हटलं, मला पण. परत आला, काडेपेटी मागून गेला. आता भात शिजल्याचा वास येतोय, थोडा करपलेला.

हा बघ, परत दारात उभा राहिला. विचारतोय, आये, मीठ कुठं असतं? जन्मापासून या घरात जेवतोय. मी सांगणार नाय. शोधू दे.

आजी